विज्ञानगप्पा: क्योटो पारितोषिक

चिटणीस:
सप्रेम नमस्कार मंडळी,
रविवारच्या गप्पांचा विषय ठरला आहे: क्योटो पारितोषिक, अर्थात 'जपानचं नोबेल'. कुणाला माहिती असेल तर चार ओळी पाठवा, पत्रकात घालते.

खजिनदार:
ताई, नमस्कार.
तेवढं 'जपानचं नोबेल' काढा बुवा. नोबेल मृत्युपत्रातून निघालं. इथे देणारा हयात होता. क्योसेरा या जपानी कंपनीचे संस्थापक काझुओ इनामोरी. (आडनावातच इनाम!) त्यांना स्वतःला १९८१ साली एक पुरस्कार मिळाला, तेव्हा आनंदाऐवजी संकोच वाटला: आपण घेणारे कसले, आता देणारे व्हायला हवं. १९८४ मध्ये स्वतःचे शेअर आणि रोकड मिळून सुमारे २,००० कोटी येन घालून त्यांनी प्रतिष्ठान काढलं. पुढच्याच वर्षी पहिली पारितोषिकं दिली. त्या वर्षी एक खास पुरस्कार थेट नोबेल प्रतिष्ठानलाच दिला. मला हे फार आवडतं. थोरल्याला आधी नमस्कार, मग आपली पंगत.

एक नवी सभासद:
काका, पण नोबेल असताना दुसऱ्याची गरज काय पडली?

खजिनदार:
पहिल्या वर्षीचे मानकरीच बघ ना. क्लॉड शॅनन: माहितीचं गणित मांडणारे. रुडॉल्फ कालमन: त्यांच्या नावाचं फिल्टर, म्हणजे चुका मिसळलेल्या मोजमापांतून नेमका अंदाज काढायची गणिती रीत, अपोलो यानांच्या दिशादर्शनात वापरलं गेलं. आता नोबेलचं १८९५चं मृत्युपत्र काढ: भौतिकी, रसायन, वैद्यक, साहित्य, शांतता. गणित नाही, अभियांत्रिकी नाही. या दोघांना बसवायचं कुठे? तिसरे मानकरी ऑलिव्हिए मेसियाँ, संगीतकार. तंत्रज्ञान पुढे धावतं आणि माणसाचं मन मागे राहतं, ही इनामोरींची काळजी होती, म्हणून कला-तत्त्वज्ञानाचा विभाग पहिल्यापासून ठेवला. २०१२ मध्ये त्याच विभागात साहित्य-विचारवंत गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांना पारितोषिक मिळालं.
रक्कम विचारणारच सगळे, आणि मी खजिनदार, म्हणून सांगतो: सुरुवातीला साडेचार कोटी येन, आता दहा कोटी.

एक ज्येष्ठ सभासद:
त्याच १९८५ साली टोकियोत 'जपान पारितोषिक'ही सुरू झालं, पॅनासोनिकचे संस्थापक मात्सुशिता यांच्या पुढाकाराने. ते वेगळं. लोक हमखास गोंधळ करतात, पत्रकात एक ओळ टाका.

चिटणीस:
टाकली. 'जपानचं नोबेल' काढलं. इनामाचा विनोद मात्र ठेवलाय, काका.