मदत हवी आहे: निरोपाच्या जेवणाला वडे-सांबारा, सोलकढी आणि गाऱ्हाणं

नमस्कार मंडळी,

सध्या मालवण तालुक्यात आचऱ्याला घरी आहे. सुट्टी संपली की रॉटरडॅमला जाऊन तिथलं बिऱ्हाड आवरायचं आणि जूनअखेर कायमचं गावी यायचं, असं ठरलंय. सहा वर्षं एकाच टीममध्ये काढली. तिकडची निरोपाची रीत म्हणजे हॉटेलात बसायचं आणि ज्याचे त्याने पैसे द्यायचे. मी म्हटलं, नको, माझ्याकडे जेवायला या. पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने पडले होते, तेव्हा ऑफिसातली तुर्की बाई रोज मसुराचं सूप डब्यातून आणून द्यायची. अशा माणसांना बाहेरून पनीर-नान मागवून वाढायला मन घेत नाही.

येणार नऊ जण. एक डच गृहस्थ दूध-तूप-अंडंही खात नाहीत. तुर्की बाई आणि इंडोनेशियन मुलगा हलालच खातात. एका पोलिश मुलीला कोळंबी-कालवांची ॲलर्जी आहे. मी डोक्याला हात लावून बसले होते. आई म्हणाली, "मगे काळ्या वाटाण्याचा सांबारा कर आनि वडे काढ, सगळ्यांका चालात." खरंच की! ना दूध, ना तूप, वाटप नारळाचं. गोडाला शिरवाळे (तांदळाच्या शेवया), तेही नारळाच्या रसात. मासे खाणाऱ्यांसाठी तिरफळं घालून तिथल्या माकरेलचं तिखलं करीन. आपल्या बांगड्यापेक्षा तो तेलकट असतो, म्हणून आगळ (कोकमाचा खारा रस) जरा जास्त.

सामानाची चौकशी केली. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताज्या फळांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर यांना. म्हणजे हापूस राहिला. कपड्यांत गुंडाळून ने, असं दोघांनी सुचवलं, पण मला तसं करायचं नाही. आंबापोळी नेते. मसाला, वड्याचं पीठ आणि आगळाच्या बाटल्याही घेतल्यात. सुकं खोबरं विमानात घेत नाहीत. नारळ तिथल्या सुरिनामी दुकानात मिळतो.

आता अडलंय ते सांगते.

डबाबंद नारळाच्या दुधाची सोलकढी कुणी केली आहे का? मी एकदा केली तर पिठल्यासारखी दाट झाली. वडे आधी तळून ठेवले तर चिवट होतात का? लोक संध्याकाळी सहाच्या ठोक्याला येतील, आणि सगळी बसलेली असताना मी कढईपाशी अडकायला नको.

आणि सगळ्यात मनाला लागलेलं: जेवणाआधी गाऱ्हाणं घालावंसं वाटतं, म्हणजे देवाकडे सगळ्यांसाठी मागणं. ह्या माणसांची वाट सुखाची होवो, कामाला यश येवो, आणि सगळ्यांनी मिळून "व्हय म्हाराजा" म्हणावं. पण त्यात आमच्या ग्रामदेवाचं, रामेश्वराचं नाव येणार, आणि समोर वेगळ्या धर्माची माणसं. त्यांना अवघडल्यासारखं होईल का? शिवाय आमच्याकडे बाईने गाऱ्हाणं घातलेलं मी पाहिलेलं नाही. बाबांना अजून विचारलेलं नाही.

प्रतिसाद
ताई, मी मस्कतला आठ वर्षं डब्याचीच सोलकढी केली. ज्या डब्यात फक्त नारळ आणि पाणी लिहिलंय तोच घ्या; घट्ट करायला काही घातलेलं असलं की पिठल्यासारखी होते. एका डब्याला दोन डबे पाणी. लसूण-मिरची वाटून, पिळून घ्या. आगळ शेवटी, मीठ चाखूनच, कारण आगळात असतंच. तापवू नका, फुटेल. वडे तासभर आधी तळून फडक्यात झाकून ठेवा, मऊ राहतात. गाऱ्हाण्याचं म्हणाल तर आदल्या दिवशी त्या तुर्की बाईंना आणि इंडोनेशियन मुलाला अर्थ सांगून विचारा. त्यांना म्हणायचं नसेल तर नुसतं ऐकतील. बाबांना मात्र आधी विचारा.

धागाकर्ती
खूप आभार, दादा. डबा पुन्हा बघून घेईन.
त्याच रात्री बाबांशी बोलले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "देवाक काय, बाई काय नि बापयो काय. पण चेष्टा होता नये." कागदावर लिहून द्या म्हटलं तर ऐकेनात. रोज दिवेलागणीला ओसरीवर बसवून पाठ करून घेतायत. आई आत "व्हय म्हाराजा" म्हणते.