ईएसबी ते ब्रोकर: ॲक कधी द्यायचा?

रात्रपाळी_बीकेसी
एका विमा कंपनीच्या इंटिग्रेशनवर काम करतो. एनईएफटीने प्रीमियम जमा झाला की बँकेकडचा मेसेज ॲक्टिव्हएमक्यू या ब्रोकरच्या (मेसेज साठवून पुढे देणारं सॉफ्टवेअर) क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, येतो. तिथून आमची ईएसबी (वेगवेगळ्या सिस्टीम जोडणारा मधला थर) तो उचलते आणि एचटीटीपीवरून पॉलिसी सिस्टीमला देते. गेल्या महिन्यात पॉलिसी सिस्टीम रात्री दहा-बारा मिनिटं पडली. सकाळी कन्सोल उघडला तर पेंडिंग शून्य, एनक्यूड (आलेले) आणि डीक्यूड (गेलेले) अगदी सारखे. बघून वाटावं, रात्र छान गेली. पण दोनशेच्या वर प्रीमियम पॉलिसी सिस्टीममध्ये नव्हतेच. दिवसभर बसून लॉगमधून एकेक यूटीआर (व्यवहाराचा क्रमांक) काढला आणि हाताने भरला. त्यात एक पॉलिसी त्याच दिवशी लॅप्स होणार होती.

कारण असं निघालं: ईएसबी मेसेज उचलून एचटीटीपीच्या थ्रेडकडे सोपवत होती आणि उत्तर यायच्या आधीच ब्रोकरला ॲक ('मेसेज मिळाला' अशी पोच) देऊन मोकळी होत होती. ॲक मिळाला की ब्रोकर मेसेज काढून टाकतो, त्याचं काही चुकलं नाही.

माझं मत: सेशन ट्रान्झॅक्टेड हवंच (काम पूर्ण झालं तरच ॲक), पुढचा कॉल ब्लॉकिंग हवा (उत्तर येईपर्यंत थांबणारा), आणि फॉल्ट आला की रोलबॅक, म्हणजे मेसेज परत क्यूमध्ये. वेग कमी होईल, होऊ दे. लोकांचे पैसे आहेत.

ठाणे_स्लो
माझ्या मते तुम्ही मलमपट्टी करताय. ईएसबी मध्ये हवीच कशाला? पॉलिसी सिस्टीमलाच क्यूवर लिसनर (मेसेज आला की उचलणारा कोड) द्या. तिने स्वतःच्या डेटाबेसमध्ये कमिट केलं (नोंद पक्की केली) की तीच ॲक देईल. मधला प्रत्येक टप्पा म्हणजे मेसेज हरवायची आणखी एक जागा. आमच्याकडे ईएसबीत बिझनेस लॉजिक इतकं साचलं होतं की प्रीमियमचा साधा नियम बदलायलाही इंटिग्रेशन टीमच्या पाया पडावं लागायचं.

जुना_जावावाला
लॉजिक ईएसबीत नको, हे शंभर टक्के मान्य. पण बऱ्याच विमा कंपन्यांत पलीकडे वीस-पंचवीस वर्षं जुनी सिस्टीम बसलेली असते, तिला फिक्स्ड-लेन्थ (ठरावीक लांबीचं) रेकॉर्डच कळतं. तिच्यात जेएमएस (जावाचं मेसेजिंग) लिसनर कोण लिहिणार? ते रूपांतर करायलाच तर ईएसबी आहे.

धागाकर्त्याला मात्र सावध करतो. नुसतं ट्रान्झॅक्टेड करून त्या रात्री निभावलं नसतं. ॲक्टिव्हएमक्यू रोलबॅकनंतर मेसेज पुन्हा देतो, पण डिफॉल्ट सहाच वेळा, एकेक सेकंदाच्या अंतराने. म्हणजे साधारण सहा सेकंदांत मेसेज डीएलक्यूमध्ये (न पोचलेल्या मेसेजची वेगळी क्यू). एकच कन्झ्युमर (मेसेज उचलणारा) धरला तरी दहा मिनिटांत शंभरेक मेसेज तिकडे गेले असते. हरवले नसते, पण जागेवरही राहिले नसते. एक्स्पोनेन्शियल बॅकऑफ (दर प्रयत्नागणिक वाढत जाणारं अंतर) लावा, प्रयत्नांची मर्यादा वाढवा.

लोकलमधून
एवढं कशाला? सिस्टीम बंद असेल तेव्हा ईएसबीचा लिसनर थांबवा. मेसेज क्यूमध्येच राहतील.

रात्रपाळी_बीकेसी
@लोकलमधून ठरवून बंद केली असती तर तेच केलं असतं. ती आपोआप पडली. शिवाय डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास चालतं, दर अर्ध्या तासाला बॅच. रात्री निवांत बंद ठेवायची सोय आता राहिलेली नाही.

ताळमेळ
मी सहा वर्षं रिकन्सिलिएशनला (जमा रकमांचा ताळमेळ लावायला) होते, म्हणून या रोलबॅकला माझा विरोध आहे. निदान आज तरी. समजा पॉलिसी सिस्टीमने प्रीमियम घेतला, पण उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला. तुमची ईएसबी रोलबॅक करणार, मेसेज परत येणार आणि तोच प्रीमियम दुसऱ्यांदा जमा होणार. पैसे जमा दिसले नाहीत तर ग्राहक दुसऱ्या दिवशी फोन करतो. दोनदा जमा झालेले सांगायला कोणी फोन करत नाही. ते आम्हाला महिनाअखेरीला सापडायचे, तोवर पावती गेलेली, एजंटचं कमिशनही गेलेलं. एक्सएने (अनेक सिस्टीमचं काम एकत्र पक्कं किंवा एकत्र रद्द करायची पद्धत) हे सुटत नाही, कारण साध्या एचटीटीपी कॉलला त्यासाठी लागणारं टू-फेज कमिट ठाऊकच नसतं. आधी पॉलिसीच्या डेटाबेसमध्ये यूटीआरवर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा नोंदू न देणारा) टाका, मग रोलबॅकचं बोला.

रात्रपाळी_बीकेसी
@ताळमेळ हे पटलं. माझा क्रम चुकला होता. आधी इंडेक्स, आणि आधीच आलेला यूटीआर पुन्हा आला तर एरर न देता 'झालंय' असं उत्तर, नाहीतर तोही रोलबॅक होऊन फिरत बसेल. त्यानंतर ट्रान्झॅक्टेड सेशन आणि पाच सेकंदांपासून दुप्पट होत जाणारा बॅकऑफ. पण उत्तराआधी ॲक नाही, यावर मी ठाम आहे.

ठाणे_स्लो
एवढं सगळं करून ईएसबी आहे तिथेच. मला नाही पटत. आणि डीएलक्यूचं काय? वेगळी नेमली नाही तर सगळ्या क्यूंचे मेलेले मेसेज एकाच ठिकाणी पडतात. तुमचे प्रीमियम तिथे एसएमएस आणि पत्त्यांच्या बदलांखाली गाडले जातील.

रात्रपाळी_बीकेसी
प्रीमियमच्या क्यूला स्वतंत्र डीएलक्यू आजच लावली. तिच्यात एक जरी मेसेज पडला तरी ड्युटीवरच्या माणसाला फोन जाईल. या आठवड्यात ती ड्युटी माझी आहे.