जिभेवरचा सट्टा
‘भाषणात अमुक शब्द येईल का’ यावर ऑनलाइन बाजारांत पैजा लागतात, आणि तिथला भाव म्हणजे लोकांचा सामूहिक अंदाज, असं म्हणतात. निवडणुकीच्या निकालापुरतं मान्य. पण इथे सगळं एकाच माणसाच्या जिभेवर! ऑक्टोबर २०२५ मध्ये कॉइनबेस या क्रिप्टो कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी तिमाही निकालांच्या कॉलच्या शेवटी बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन, स्टेकिंग, वेब थ्री हे शब्द मुद्दाम ओळीने म्हणून टाकले, कारण कल्शी आणि पॉलिमार्केट या पैजांच्या बाजारांत त्यांवर पैजा लागलेल्या. त्यांनी गंमत केली, ठीक आहे. ट्रम्प यांच्या भाषणांवरही असेच सौदे चालतात. समजा, ‘हो, येईल’ हा सौदा १२ सेंटला घेतला आणि शब्द उच्चारला गेला, की हातात १ डॉलर. भाषण लिहिणाऱ्याला तर मसुदा आधीच पाठ! (ट्रम्प मसुदा सोडून भरकटतात, तेवढाच काय तो दिलासा.)