पॉन शॉपमधली जुनी बंदूक: घ्यावी की घेऊ नये?

वाटाड्या_ह्यूस्टन
परवा 'अमेरिकेत घरात बंदूक असावी का' या धाग्यावर माईंनी एक पिंक टाकली: "पॉन शॉपमधून, म्हणजे गहाणवटीच्या दुकानातून, जुनी बंदूक घेणारा एकतर गुन्हेगार असतो, नाहीतर चिक्कू. निम्मा माल चोरीचा आणि कागदपत्रांच्या नावाने शंख." तिथेच उत्तर दिलं असतं, पण तो धागा आता मिसळीत फरसाण कधी घालावं यावर पोचलाय. म्हणून हा वेगळा काथ्याकूट.

माई, कागदपत्रं नसतात हे तुम्हाला कोणी सांगितलं? बंदुका गहाण घेणाऱ्या दुकानाला फेडरल लायसन्स लागतं, आणि त्याचा प्रकारही वेगळा आहे, टाइप ०२. चकचकीत दुकानातून नवी घ्या नाहीतर पॉन शॉपमधून जुनी, खरेदीदाराने भरायचा फॉर्म तोच ४४७३ आणि एफबीआयची तपासणीही तीच. इतकंच काय, स्वतःचीच गहाण टाकलेली बंदूक सोडवायला गेलात तरी परत ४४७३ भरावा लागतो. बाकी चोराचं म्हणाल, तर ओळखपत्र दाखवून, सही ठोकून, पोलिसांना दिसेल अशा पावतीवर सीरियल नंबर लिहून द्यायला कोणता शहाणा चोर जाईल? कागद लागत नाही तो खासगी व्यवहारात. टेक्सासमध्ये एखाद्या पार्किंग लॉटमध्ये कोणी आपली बंदूक दुसऱ्याला विकली तर कायद्याने तपासणी सक्तीची नाही. त्यावर कोणी बोलत नाही, पॉन शॉपला मात्र नावं ठेवायची.

माझी रेमिंग्टन ८७० शॉटगन अशीच घेतलेली आहे. दस्त्यावर ओरखडे होते, म्हणून काउंटरवरच्या पोराशी घासाघीस करता आली. नळीत टॉर्च मारला, गंजाचे खड्डे नव्हते. पंप मागेपुढे करून पाहिला, कुठे अडकत नव्हता. नव्या बंदुकीच्या पैशात बंदूक आणि लहानशी तिजोरी, दोन्ही आलं. यात गुन्हेगारी कुठे आली?

माजघरातली_माई
चिक्कू म्हटलेलं झोंबलेलं दिसतंय.

तुमचा तो फॉर्म माणसाची तपासणी करतो, बंदुकीची नाही. एफबीआयला फोन जातो तो तुमच्या नावाने, सीरियल नंबर त्यात विचारत नाहीत. बंदूक चोरीची निघाली तर पोलीस ती घेऊन जाणार आणि तुम्ही पावती नाचवत दुकानात. आणि तपासणीचं एवढं कौतुक नको. तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदार विकायला मोकळा. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ माणसं मेली, गोळ्या झाडणाऱ्या मुलाच्या हातात पिस्तूल असंच पडलं होतं.

आमच्या न्यू जर्सीत प्रत्येक हँडगनसाठी आधी पोलिसांकडून वेगळं परमिट काढावं लागतं. त्रास होतो, पण त्रास व्हायलाच हवा.

वाटाड्या_ह्यूस्टन
चार्ल्सटनचं पिस्तूल पॉन शॉपमधून नव्हे, नेहमीच्या बंदुकीच्या दुकानातून आलं होतं. म्हणजे तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं. धन्यवाद.

चापओढ्या
दोघांच्याही भांडणात खरी गोची राहून जाते. जुन्या बंदुकीत चोरीपेक्षा रिकॉलची भीती जास्त. रेमिंग्टन ७०० रायफलींवर २००६ ते एप्रिल २०१४ या काळात बसवलेले एक्स-मार्क प्रो ट्रिगर कंपनीने परत मागवले, कारण चाप न ओढताच गोळी सुटण्याचा धोका होता. सिग पी-३२० पिस्तूल खाली पडली तर उडू शकते म्हणून २०१७ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्ती देऊ केली. आधीच्या मालकाने ते करून घेतलं का, हे काउंटरवरच्या पोराला ठाऊक नसतं, आणि असलं तरी तो सांगत नाही. घरी जाऊन सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकण्यापेक्षा पैसे द्यायच्या आधी तिथेच फोनवर टाका.

दुसरं, पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून नळी वर धरायची, मागचा रबर आधी जाईल अशी पेन्सिल आत सोडायची आणि चाप ओढायचा. पेन्सिल टुणकन बाहेर उडाली तर फायरिंग पिन शाबूत. आधी दुकानदाराची परवानगी घ्या, काही जण ओरडतात. रिव्हॉल्व्हर असेल तर घोडा चढवून, चाप दाबून धरून सिलिंडर हलवून बघा. खडखडला तर ठेवून द्या.

बाराबोर_संगमेश्वर
तुमची मजा आहे राव. पेन्सिल काय, टॉर्च काय! आमच्याकडे आजोबांच्या नावावर शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. ग्रामपंचायत झाली की विधानसभा, मग लोकसभा. रानडुकरांना कोण सांगणार आचारसंहिता लागलीय म्हणून? भाताचा चोथा झाला या वर्षी. वानरं तर घराच्या पडवीत येऊन बसतात. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका. तुम्ही तिकडे भाजी घ्यावी तशी बंदूक घेता आणि वर ओरखडे आहेत म्हणून भाव पाडून मागता.

माजघरातली_माई
बाराबोर, अवांतर. पण रानडुकरांबद्दल सहानुभूती. म्हणजे तुमच्याबद्दल.

रांगेतला_अर्जदार
इथे एक भाबडा प्रश्न. एच-१बी व्हिसावर आहे, डॅलसजवळ. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, पॉन शॉपमध्ये जाऊन घेऊन टाक, कोणी विचारत नाही. खरंय का?

चापओढ्या
अरे थांब!! ४४७३ वर नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसाचा प्रश्न सरळ छापलेला आहे. एच-१बी, एच-४, एफ-१, या सगळ्यांना फेडरल कायद्याने बंदूक जवळ बाळगायला बंदी. मोठी सूट एकच: कोणत्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स. टेक्सासच्या रहिवाशाला ते २५ डॉलरमध्ये मिळतं, आणि २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मला असशील तर आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स.

रांगेतला_अर्जदार
म्हणजे हरीण मारायचं लायसन्स काढून पिस्तूल घ्यायचं? हे तर झाडाला दोर बांधून विहिरीत उतरल्यासारखं झालं.

वाटाड्या_ह्यूस्टन
गंमत बघ. २०१९ पासून टेक्सासमध्ये मालकाच्या संमतीने खासगी जमिनीवर रानडुक्कर मारायला शिकारीचं लायसन्सच लागत नाही. पण तू एच-१बीवर असशील तर डुकरासाठी नव्हे, हातातल्या बंदुकीसाठी ते लागणारच. बाराबोर, या इकडे.

निद्रिस्त_ज्वालामुखी
तुम्हाला गंमत सुचतेय. पंधरा वर्षं इथे कर भरला, घर घेतलं, पोरं कॉलेजला जायला आली, आणि आपण कायद्याच्या लेखी अजून 'नॉन-इमिग्रंट', म्हणजे पाहुणे. ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख, ती प्रायॉरिटी डेट, वर्षानुवर्षं रेंगाळतेय. गुन्हेगारांच्या नि आपल्या नावाला एकाच कलमात बसवलंय. बंदूक गेली खड्ड्यात, पण हा अपमान आहे.

माजघरातली_माई
ग्रीन कार्डच्या रांगेचा आणि गहाणवटीच्या दुकानाचा संबंध काय? प्रत्येक धाग्यावर ग्रीन कार्डचा तो ईबी-२ गट आलाच पाहिजे का?

निद्रिस्त_ज्वालामुखी
ज्यांना नागरिकत्व मिळून जमाना झाला त्यांना संबंध कळायचा नाही, माई. तुम्ही निवांत परमिटाच्या गोष्टी करा.

माजघरातली_माई
निवांत? माझ्या शेजारच्या मुलाने वडिलांच्या कपाटातल्या बंदुकीने स्वतःला संपवलं. मी ती अँब्युलन्स पाहिलीय. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. चोर-दरोडेखोर बाजूला ठेवा. मी 'चिक्कू' म्हणाले ते पैशांवरून नव्हतं. स्वस्त मिळतेय म्हणून घरात आणू नये, एवढंच.

वाटाड्या_ह्यूस्टन
हे आधीच सरळ लिहिलं असतं तर मी धागा काढला नसता. पण मग तो विरोध बंदुकीला झाला, पॉन शॉपला नाही. नवी कोरी बंदूकही कपाटात तशीच पडून राहिली असती. म्हणूनच मी तिजोरी घेतली.

माजघरातली_माई
बरं बाई. चोरीचा 'निम्मा' माल हा माझा अंदाज होता, मोजायला मी गेले नव्हते. झालं समाधान?

चापओढ्या
धागा पेटलाय तर एक महत्त्वाचं. शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याने बंदूक उडवणं हेही व्हिसावाल्यांसाठी त्याच बंदीत येतं. टीम आउटिंगला सगळे जातात, एचआर फोटो टाकतं. २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा रेहैफ खटला वाचा: स्टुडंट व्हिसावर आलेला मुलगा, कॉलेजने काढून टाकल्यामुळे व्हिसाचं स्टेटस गेलेलं, फ्लोरिडात रेंजवर जाऊन बंदुका उडवल्या आणि थेट फेडरल गुन्हा. कोर्ट म्हणालं, आपण बंदी असलेल्या गटात आहोत हे आरोपीला माहीत होतं असं सरकारने सिद्ध करायला हवं. म्हणजे आपलं स्टेटस माहीत नव्हतं असं म्हणता येईल, बंदी माहीत नव्हती असं नव्हे. आणि हा प्रतिसाद वाचला असाल तर आता तीही माहीत आहे.

निद्रिस्त_ज्वालामुखी
मी वाचलाच नाही. मागच्या महिन्यातच आमच्या टीमचं आउटिंग झालं.

रांगेतला_अर्जदार
एक शेवटचं. टेक्सासचं शिकारीचं लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं. नव्याला उशीर झाला तर १ सप्टेंबरला ती बंदूक ठेवायची कुठे?

चापओढ्या
वकिलाला विचार. थट्टा नाही, २०२२ पासून शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत आहे.

माजघरातली_माई
वकील कशाला? टाका की वाटाड्यांच्या पॉन शॉपमध्ये गहाण. छोट्या कर्जावर महिना वीस टक्क्यांपर्यंत व्याज घेतात म्हणे.

बाराबोर_संगमेश्वर
आणि सोडवायला गेला की परत ४४७३, परत शिकारीचं लायसन्स. त्यापेक्षा आमचं पोलीस ठाणं बरं. व्याज तरी लावत नाहीत.