जुनं गॅलक्सी आणि नवं टामिया: मॉडेल कारच्या किटमध्ये एवढा फरक कसा पडला?

अनिकेत_नाशिक

नमस्कार मंडळी. माझे मामा अमेरिकेहून कायमचे परत आले आणि सामान आवरताना त्यांनी दोन प्लास्टिक किट माझ्या हवाली केली. एक एएमटी या अमेरिकन कंपनीचं जुनं फोर्ड गॅलक्सी, १/२५ (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या मापाचं), पेटीवर ‘३ इन १’ छापलेलं. दुसरं टामिया या जपानी कंपनीचं १/२४ पोर्शे, अलीकडचं.

दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडली आणि चक्रावलो. गॅलक्सीचं बॉनेट उघडतं, आत इंजिन आहे, पण त्या इंजिनाला आडवं आरपार भोक आहे. मामा म्हणतात, ते तसंच असतं. एक टायर पुढच्या काचेला चिकटून बसला होता, आणि काढला तर काचेवर खोल वण. टामियात इंजिनच नाही, पण बॉडीवरच्या दाराच्या रेषा इतक्या नेमक्या की बघत राहावं. जुन्यात इंजिन आणि नव्यात नाही, हे उलटं कसं? इतक्या वर्षांत नेमकं बदललं काय? आणि आधी कोणतं करायला घेऊ?

मिशिगनकर

अनिकेत, मामा बरोबर सांगतायत. ते भोक पुढच्या आसाचं आहे. एक सरळ तार चासीच्या एका बाजूने आत शिरते, इंजिनातून जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर पडते आणि दोन्ही टोकांना चाकं बसतात.

मी डाय (साचे) बनवायला शिकलो भोसरीच्या एका टूलरूममध्ये, पुढे नोकरीमुळे डेट्रॉइटजवळ स्थायिक झालो. एएमटी इथलीच, शेजारच्या ट्रॉय गावची. १९४८ साली ती सुरू झाली तेव्हा किट हा तिचा धंदाच नव्हता. मोटारकंपन्यांच्या डीलरांसाठी ती नव्या वर्षाच्या गाड्यांच्या तयार छोट्या प्रतिकृती बनवायची. यांना ‘प्रोमो’ म्हणतात. बाप गाडी बघायला आला की पोराच्या हातात प्रोमो द्यायची. पोरगं ती फरशीवर ढकलणार, म्हणून तारेचा दणकट आस. १९५८ साली कंपनीने याच प्रकारच्या साच्यांतून सुटे भाग काढून पेटीत भरले, जोडीला शर्यतीचे आणि कस्टमचे (गाडी आपल्या आवडीने सजवायचे) जादा भाग दिले, म्हणजे एका पेटीतून तीनपैकी हवी ती गाडी, आणि ‘३ इन १’ बाजारात आलं. इंजिन नंतर आलं. आस आधीच तिथे होता, म्हणून इंजिनाला भोक.

साच्यांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण खरा फरक तिथेच आहे. तेव्हा आधी लाकडाचा मोठा नमुना कोरायचे, साधारण १/१० मापाचा. मग पँटोग्राफ यंत्राची सुई त्या नमुन्यावरून फिरवायची आणि दुसऱ्या टोकाचं कटर तोच आकार लहान करून धातूत कापायचं. गाडीची रेखाचित्रं थेट मोटारकंपनीकडून मिळायची, त्यामुळे प्रमाणं चांगली असायची. तुमच्या गॅलक्सीचा मागचा फेंडर डोळ्याच्या पातळीला धरून बघा. वक्र कुठेही अडखळत नाही. तो कारागिराच्या हाताने घासून आणलेला वक्र आहे. मात्र दाराच्या रेषा उथळ आणि कडा बोथट, कारण प्रत्येक टप्प्यावर थोडी धार जाते. आता खरी गाडी स्कॅन करतात, संगणकावर मॉडेल करतात आणि साचा संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर आणि विजेच्या ठिणगीने धातू कापणाऱ्या स्पार्क मशिनवर कापतात. तुम्हाला टामियावर दिसलेली रेषा त्यातून येते.

आणखी एक गोष्ट, जी मला आजही चटका लावते. दरवर्षी नवी गाडी यायची, तेव्हा बऱ्याचदा नवा साचा कापत नसत. जुन्याच साच्यात नवी जाळी, नवे दिवे, नवे बंपर कोरायचे. म्हणजे ६२ सालची गाडी पुसून ६३ सालची. ती आधीची गाडी त्या साच्यातून पुन्हा कधीच निघू शकत नाही. इतकं सुंदर पोलादी काम त्या वेळी कुणाला जपण्यासारखं वाटलं नाही, कारण गिऱ्हाईक शाळकरी पोरगं होतं आणि त्याला शोरूममधलीच गाडी हवी होती. आज एएमटीचं नाव राऊंड २ या कंपनीकडे आहे. ते काही गाड्यांचे हरवलेले भाग जुन्या नगांवरून स्कॅन करून नव्याने कापतात. हे काम बघून मला मनापासून आनंद होतो.

टायरचं असं आहे की जुने टायर मऊ पीव्हीसीचे. मऊपणासाठी घातलेलं प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, खातं. चांगल्या उत्पादकांनी पुढे टायरचं मटेरियल बदललं, आणि टायर वेगळ्या पिशवीत येऊ लागले. तुमचे जुने टायर वापरणार असाल तर रिमवर आधी रंगाचा पूर्ण थर द्या. रिम उघडी ठेवलीत तर काही वर्षांनी तीही काचेसारखीच जाईल.

आता इंजिनाचा प्रश्न. अमेरिकेतल्या पोरांना हॉट रॉड (जुनी गाडी फेरफार करून वेगवान केलेली) बांधायची होती, इंजिन बदलणं हाच खेळ, मग इंजिन हवंच. जपानात साठ-सत्तरच्या दशकात बरीच किट मोटरवर चालणारी होती. जिथे इंजिन आणि चासीचे बारकावे यायचे तिथे बॅटऱ्या बसायच्या. टामियाने पोर्शे ९३४ साठी खरी ९११ विकत घेऊन सुटी केली होती आणि १९७६ साली तिचं १/१२ किट काढलं. त्या साच्यांचा खर्च वसूल करायला त्याच वर्षी तीच बॉडी रेडिओ कंट्रोलवर चढवली. टामियाचा आरसी (रेडिओ कंट्रोल) गाड्यांचा धंदा तिथून सुरू झाला. पुढे शोभेच्या किटमधून मोटर गेली, पण खालचा भाग साधा ठेवून सगळी मेहनत बॉडीवर घालायची पद्धत बऱ्याच १/२४ किटमध्ये राहिली. मला स्वतःला इंजिनाशिवाय किट अपुरं वाटतं, आणि हे माझं मत बदलणार नाही.

त्या काळाची एक वेगळीच हिंमतही होती. १९६८ साली मोनोग्राम या किट कंपनीने डिझायनर टॉम डॅनियलने रेखाटलेली ‘रेड बॅरन’ काढली, छपराच्या जागी जर्मन शिरस्त्राण असलेली हॉट रॉड. अशी गाडी अस्तित्वातच नव्हती. किट इतकं खपलं की नंतर इथे डेट्रॉइटमध्ये तिच्यावरून खरी गाडी बांधली. आज साचा कापायला इतका पैसा लागतो की असं धाडस कुणी करत नाही. आजचं गिऱ्हाईक माझ्या वयाचं आहे. त्याला त्याच्या लहानपणची गाडी अचूक हवी आणि त्यासाठी तो तीस-पस्तीस डॉलर देतो. दर्जा वाढला तो त्यामुळे, आणि दुकानात शाळकरी मुलं दिसत नाहीत तेही त्यामुळेच.

आधी टामिया करा. भाग दाबून बसवले की जागेवर बसतात, हात तयार होतो. गॅलक्सीच्या पेटीच्या कडेला एर्टल, लेस्नी किंवा राऊंड २ (एएमटीच्या नंतरच्या मालक कंपन्या) लिहिलंय का तेवढं सांगा.

ठाण्याचा_मधू

काकांनी तिकडचं सांगितलं, मी इकडचं सांगतो. भारतात स्केल मॉडेल कस्टम्सच्या दृष्टीने खेळण्यांतच मोडतं. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झालं आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्राची अट आहे. दुकानदार कमी माल आणतात आणि किंमत ऐकून नवा माणूस दारातूनच परत जातो. हे मला फार लागतं, कारण हा छंद लहान वयात लागला तरच टिकतो.

रंगाचं: लॅकर (थिनरवरचा, लवकर वाळणारा रंग) ज्वलनशील, विमानाने येत नाही. मी गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून प्रायमर सरफेसर (रंगाआधीचा अस्तर थर) घेतो, पण तो थेट प्लास्टिकवर जाड मारू नका. थिनर पॉलिस्टायरीन खातो, बारीक रेषा भरून जातात. दोन-तीन धुक्यासारखे हलके हात द्या, मध्ये वाळू द्या. आणि जून ते सप्टेंबर लॅकरच्या ग्लॉसला हात लावू नका. हवेतल्या दमटपणाने पृष्ठभाग पांढरट पडतो. पावसाळ्यात मी फक्त चासी, सीटा, डॅशबोर्ड उरकतो, तेही ब्रशने अॅक्रिलिक लावून.

रेझिनवाली

मी कोल्हापूरची, आणि माझ्यासाठी किट म्हणजे फाइल. मला मुंबईची काळी-पिवळी हवी होती. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हाच ठरवलं. ओळखीच्या गॅरेजमध्ये एक पद्मिनी उभी आहे. तिची टेपने मापं घेतली, बाजूने फोटो काढले आणि संगणकावर १/२४ मध्ये बॉडी उभी केली. रेझिन प्रिंटरवर ०.०५ मिमीच्या थरांत छापली. जाळीच्या पट्ट्या आणि छपरावरचं कॅरियर वेगळं छापलं, कारण बॉडीसोबत छापलं की आधाराचे खुंट तोडताना पट्ट्या जातात. मिशिगनकर काका म्हणाले तसं साचा महाग, म्हणून कंपनीला हजारो गिऱ्हाईकं लागतात. मला एकही लागलं नाही, म्हणून ही टॅक्सी होऊ शकली.

मिशिगनकर

फोटो टाका, बघायचीच आहे. एक काळजी घ्या: रेझिन पॉलिस्टायरीनसारखं विरघळून जुळत नाही, त्यामुळे किटचा पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) चालणार नाही. सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरा. आणि पातळ खांब ठिसूळ असतात, छपराचे पिलर आतून जरा जाड करा.

अनिकेत_नाशिक

सगळ्यांचे आभार. पेटीवर फक्त एएमटी आणि ट्रॉय, मिशिगन आहे. एर्टल, लेस्नी, राऊंड २ काहीच नाही. आता हे बांधायचं की तसंच ठेवायचं? आणि काचेचं काय?

मिशिगनकर

मग ते १९७८ च्या आधीचं आहे, कारण त्या वर्षी लेस्नीने एएमटी घेतली. संग्राहक अशा न बांधलेल्या किटला चांगले पैसे देतात, पण मी असतो तर बांधलं असतं. पोरांनी बांधावं म्हणूनच ते काढलं होतं. फक्त जादा भाग आणि सूचनापत्र जपून ठेवा, आणि क्रोमच्या भागांना ब्लीच लागू देऊ नका, पाच मिनिटांत चकाकी उतरते.

काचेवरचा वण नखाला लागतो का बघा. जेमतेम लागत असेल तर १००० नंबरच्या पाणकागदाने ओला घासा, मग १५००, मग २०००, शेवटी गाडीच्या पॉलिशने चमकवा. खोल असेल तर काच घासून पातळ करू नका. तिचा कागदी नमुना काढा आणि पातळ पारदर्शक शीटमधून नवी कापा. गॅलक्सीची काच कडेला वळलेली आहे, म्हणून शीट गरम पाण्यात धरून वळवावी लागेल. ती चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल घ्या. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते.