‘औषधाला दाद न देणारे जंतू’ : रेझिस्टन्सला नेमकं म्हणायचं काय?

अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रिका मराठीत करते आहे. हॉस्पिटलमधले काही जंतू शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिक्सनाही का जुमानत नाहीत, एवढाच विषय. चार पानंच आहेत, पण आठवडाभर पहिल्या परिच्छेदात अडकले आहे.

पहिल्या खर्ड्यात ‘रेझिस्टन्स’साठी ‘प्रतिकारशक्ती’ लिहिलं होतं : ‘जंतूंची प्रतिकारशक्ती वाढते.’ घरात वाचायला दिलं तर लगेच प्रश्न आला, "प्रतिकारशक्ती वाढली तर बरंच की! मग काळजी कसली?" शब्द खोडला. ‘प्रतिजैविक प्रतिरोध’ बिनचूक आहे, पण आयसीयूच्या दाराबाहेर रात्र काढलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? शिवाय क्रियापदाची पंचाईत आहेच. जंतू औषधाला सरावतात? त्यांना औषधाची सवय होते? की ते निर्ढावतात? आणि ‘लास्ट रिसॉर्ट’ औषधांना मी ‘ब्रह्मास्त्र’ म्हटलंय. चालेल ना? सगळ्यांनी सुचवा.

*

प्रतिकार म्हणजे उलट कृती. प्रतिरोधात रुध् धातू आहे, म्हणजे वाट अडवणं. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत विजेच्या रेझिस्टन्सला ‘रोध’ म्हणतात, तोच हा. तेव्हा माणसाची ती प्रतिकारशक्ती आणि जंतूंचा तो प्रतिरोध, ही वाटणी मोडू नये. तुमच्या घरच्यांनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता.

पण खरं सांगू का, या दोन्ही शब्दांच्या आधीपासून आपल्याकडे चोख मराठी आहे : ‘औषधाला दाद देत नाही’. ‘दाद’ फारसीतून आला. मूळ अर्थ न्याय, आणि ‘दाद मागणे’, ‘दादफिर्याद’ यांत तो अजून जिवंत आहे. पुढे ‘दाद देणे’ म्हणजे कौतुकाची पावती देणं झालं, आणि ‘दाद न देणे’ म्हणजे समोरच्याचं काही चालू न देणं. ताप दाद देत नाही, जखम दाद देत नाही, जंतू दाद देत नाहीत. या वाक्यात कर्ता सांगावाच लागतो, हा त्याचा मोठा गुण. ‘रेझिस्टन्स आलाय’ म्हटलं की कुणाला आलाय ते गुलदस्त्यातच राहतं.

*

कर्त्याचा मुद्दा लाखमोलाचा. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने १२ देशांत लोकांना याविषयी विचारलं होतं. ७६ टक्के लोकांना वाटत होतं की शरीर अँटिबायोटिकला रेझिस्टंट होतं. म्हणजे चारांतल्या तिघांच्या वाक्यात कर्ताच चुकलेला! औषधाच्या दुकानात रोज ऐकतो, "मला ती गोळी आता लागूच पडत नाही, अंगाला सवय झाली." अंगाला सवय होत नाही हो. अंगातल्या जंतूंचा प्रश्न आहे. तेच जंतू दुसऱ्याच्या अंगात गेले, तर ज्याने आयुष्यात ती गोळी घेतलेली नाही त्यालाही ती लागू पडणार नाही.

*

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. ‘सरावणे’, ‘सवय होणे’ आणि ‘निर्ढावणे’ या तिन्हींवर काट मारा अशी विनंती. तिन्हींत एकच जीव आधी साधा असतो आणि मार खाऊन खाऊन कोडगा होतो. जंतूंचं बहुतेक वेळा तसं नसतं.

आमच्याकडे अँटिबायोटिकची तपासणी करताना जंतू वाढवायच्या प्लेटवर रुग्णाचे जंतू एकसारखे पसरवतात आणि त्यावर औषध लावलेल्या कागदाच्या चिमुकल्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली की जंतूंचा दुधट थर दिसतो आणि काम करणाऱ्या औषधाभोवती स्वच्छ गोल. निकामी ठरलेल्या औषधाची चकती मात्र थरात बुडल्यासारखी. पण कधीकधी त्या स्वच्छ गोलाच्या आत, अगदी चकतीच्या जवळ, टाचणीच्या डोक्याएवढे दोन-तीन ठिपके असतात. आजूबाजूचे सगळे मेले, हे वाढले. ते रात्रीतून काही शिकले नाहीत. कोट्यवधींच्या गर्दीत आधीपासून होते. औषधाने गर्दी साफ केली आणि त्यांना रान मोकळं मिळालं.

हे १९५२ मध्येच दाखवून झालंय. जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने साध्या प्लेटवर वाढलेल्या जंतूंवर मखमल दाबली आणि त्याच मखमलीचे ठसे औषध घातलेल्या प्लेट्सवर उमटवले. प्रत्येक ठशात टिकलेले जंतू त्याच त्याच जागी निघाले. म्हणजे मूळ प्लेटवर, औषधाशी गाठ पडण्याआधीच, ते तसे होते.

तेव्हा माझं मत ‘उरणे’ या क्रियापदाला. ‘औषधाने मरणारे मरतात, न मरणारे उरतात आणि उरलेले वाढतात.’

*

‘उरणे’ सुरेख आहे. पण मग ‘सोकावणे’चं काय? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, यातलं. औषध उगाच वापरलं की जंतू सोकावतात, असं म्हणायचा मोह होतोय.

*

मोह आवरा. सोकावायला चटक लागावी लागते. जंतूंना कसली चटक? सोकावतो आपण, जरा सर्दी झाली की अँटिबायोटिक मागायला. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची आणि अँटिबायोटिक जिवाणूंवरचं. ते वाक्य पत्रिकेत वेगळं घाला हवं तर.

*

‘ब्रह्मास्त्र’ला माझा विरोध आहे. अतिदक्षतेत नर्स म्हणून बरीच वर्षं काढली आहेत. ब्रह्मास्त्र म्हटलं की नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरांनी भारी औषध दडवून ठेवलंय. मग सुरू होतं, "ते मोठं औषध आधीच का नाही दिलं?" शेवटचं म्हणजे सगळ्यात जोरदार असं नसतं. कोलिस्टिन घ्या. ते १९५०च्या दशकात वापरात आलेलं म्हातारं औषध. मूत्रपिंडाला इजा करतं म्हणून पुढे मागे पडलं. कार्बापेनेम गटाला, म्हणजे मेरोपेनेम, इमिपेनेम यांना, जंतू दाद देईनात तेव्हा नाइलाजाने पुन्हा बाहेर काढलं. ब्रह्मास्त्र कसलं, माळ्यावरची जुनी काठी आहे ती! देताना रोज लघवी मोजायची, मूत्रपिंड कसं चाललंय हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, आणि मनात धाकधूक.

मी ‘ठेवणीतलं औषध’ म्हणते. ठेवणीतला कपडा जसा रोज काढत नाहीत, तसं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे तीन गट केले : सहज वापरायची, जपून वापरायची आणि राखून ठेवायची. कोलिस्टिन तिसऱ्यात. मेरोपेनेम मात्र दुसऱ्यात आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं.

*

‘राखीव’ म्हटलं तर?

*

‘राखीव’ने कुणासाठी तरी राखून ठेवलंय असा वास येतो. ‘ठेवणीतलं’मध्ये कशासाठी ते येतं. नर्सबाईंच्या शब्दाला माझंही मत.

*

प्रयोगशाळेतून पुन्हा. माझ्याच ‘उरणे’त खोट काढायला आले आहे.

उरण्याने अर्धीच गोष्ट होते. हॉस्पिटलमध्ये जास्त त्रास देतो तो दुसरा प्रकार. प्रतिरोधाची जनुकं पुष्कळदा प्लाझमिडवर असतात. प्लाझमिड म्हणजे डीएनएचं सुटं कडं. दोन जंतू एकमेकांना चिकटतात आणि ते कडं एकातून दुसऱ्यात जातं. दोघे एकाच जातीचे असायला हवेत असंही नाही, क्लेबसिएलाकडून ई. कोलायला मिळू शकतं. इथे कालपर्यंत औषधाने मरणारा जंतू आज खरोखरच प्रतिरोधी ‘होतो’. तेव्हा ‘होणे’ हे क्रियापद हद्दपार करता येणार नाही.

कार्बापेनेम निकामी करणारं एनडीएम-१ याच मार्गाने पसरलं. कार्बापेनेमच्या रेणूत चार अणूंचं एक कडं असतं, त्याच्यावर औषधाचा सगळा जोर. एनडीएम हे विकर (एन्झाइम) जस्ताच्या मदतीने ते कडंच फोडतं. स्वीडनमधल्या एका रुग्णात २००८ मध्ये ते सापडलं. त्या रुग्णावर आधी नवी दिल्लीत उपचार झाले होते, म्हणून नावात नवी दिल्ली घातली. भारतात त्यावर केवढा गहजब झाला होता! शब्दचर्चा फक्त मराठीतच पेटतात असं नाही.

कोलिस्टिनची कथा वेगळी. त्यावर धन भार असतो आणि जंतूच्या बाहेरच्या आवरणावर ऋण, म्हणून ते चिकटतं आणि आवरण फाडतं. एमसीआर-१ जनुक असलेला जंतू आवरणाला एक रासायनिक तुकडा जोडून तो ऋण भार कमी करतो. मग औषधाला धरायलाच काही राहत नाही. २०१५ मध्ये चीनमधून हे प्रसिद्ध झालं तेव्हा धक्का बसला, कारण कोलिस्टिनचा प्रतिरोध तोवर जंतूच्या मूळ गुणसूत्रातल्या बदलांनीच येतो अशी समजूत होती, आणि हे जनुक निघालं प्लाझमिडवर. डुकरांत, मांसात आणि काही रुग्णांतही.

आणि वर कुणीतरी प्रतिरोध म्हणजे वाट अडवणं म्हणालात. तेही घडतं : औषध आत येतं ती छिद्रं जंतू कमी करतात किंवा आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतात. पण एनडीएम वाट अडवत नाही, पाहुण्यालाच मोडून टाकतं. तेव्हा व्युत्पत्ती अर्थाला फार आवळून बांधू नका.

*

मान्य. रुध् धातूचा माझा हट्ट मागे घेतो.

बऱ्याच औषधांना दाद न देणाऱ्या जंतूला ‘सुपरबग’ म्हणतात, त्याचं ‘महाजंतू’ करू नका, एवढं मात्र राहवत नाही म्हणून सांगतो. त्याने आजार मोठा होतोच असं नाही, इलाज कमी राहतात.

*

अतिदक्षतेतून पुन्हा. रिपोर्टात जंतू आला म्हणजे संसर्ग झालाच, असंही लिहू नका. कितीतरी जणांच्या आतड्यात किंवा कातडीवर तो नुसता मुक्कामाला असतो, त्रास काही नाही. आम्ही तरी त्यांना वेगळ्या खोलीत ठेवतो, हातमोजे, गाऊन सगळं. नातेवाईक बिथरतात, "आमच्या माणसाला वाळीत टाकलं!" ‘जंतू अंगावर आहे, पण आजार केलेला नाही’ असं सरळ लिहा. दुसऱ्याच्या कॅथेटरपर्यंत तो आमच्याच हातांनी पोचू नये म्हणून ती खोली.

*

सगळ्यांचे आभार. पहिला परिच्छेद असा झालाय :

‘आपल्या रुग्णाच्या अंगातले जंतू नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद देत नाहीत. दोष रुग्णाच्या शरीराचा नाही, हा त्या जंतूंचा गुण आहे. औषधाने बाकीचे जंतू मरतात, हे उरतात आणि वाढतात. काही जंतू हा गुण शेजारच्या जंतूंकडून उसना घेतात. अशा वेळी डॉक्टरांना ठेवणीतली औषधं काढावी लागतात. ती जास्त जोरदार असतात असं नाही, आणि त्यांचा त्रासही होऊ शकतो, म्हणून ती आधी दिली जात नाहीत.’

‘प्रतिजैविक प्रतिरोध’ एकदाच, शेवटी, चौकटीत घातलाय, फाइलीत तो शब्द दिसला तर ओळखता यावा म्हणून.

*

छान उतरलंय. फक्त ‘उसना’ बदला. उसनं परत करावं लागतं, आणि देणाऱ्याकडचं तेवढं कमी होतं. इथे देणारा जंतू प्लाझमिडची नक्कल करून देतो, मूळ त्याच्याकडेच राहतं. ‘या गुणाची प्रत शेजारच्या जंतूंकडून मिळवतात’ असं करता येईल.