एकाच चुकीला दोन न्याय? शर्यतीतील पेनल्टीविषयी तुमचे अनुभव

मोटार शर्यतींचे स्टुअर्ड, म्हणजे नियमभंगाचा निवाडा करणारे पंच, पक्षपाती असतात, की त्यांचे निर्णय केवळ एकमेकांशी जुळत नाहीत, यावर आपण सगळेच कधी ना कधी तावातावाने भांडलो आहोत. येथे मात्र ज्या निर्णयाने तुम्हाला स्वतःला अस्वस्थ केले, तो प्रसंग जसा आठवतो तसा लिहावा, ही विनंती. सुरुवात मीच करतो.

मी फॉर्म्युला वनमधील चालक वेटेलचा चाहता आहे. जून २०१९ मध्ये कॅनडातील माँट्रियलला तो ४८व्या फेरीत गवतावर घसरला, ट्रॅकवर परतताना मागून येणाऱ्या हॅमिल्टनची वाट अरुंद झाली आणि वेटेलला पेनल्टी लागली: त्याच्या एकूण वेळेत पाच सेकंद मिळवले गेले. रेषा सर्वांत आधी ओलांडूनही तो दुसरा ठरला. गाड्यांसमोरचे एक आणि दोन आकड्यांचे फलक त्याने स्वतःच्या हाताने बदलले, तेव्हा माझा कंठ दाटून आला होता. पण खरा संताप आला तो तीन आठवड्यांनी. ऑस्ट्रियात शर्यत संपत आली असताना वर्स्टापेनने पुढे असलेल्या लक्लेरच्या आतून मुसंडी मारली, चाकाला चाक लागले, लक्लेर ट्रॅकबाहेर गेला, आणि शर्यतीनंतर काही तासांनी ‘रेसिंग इन्सिडेंट’, म्हणजे शर्यतीच्या ओघात घडलेली, शिक्षेला पात्र नसलेली घटना, म्हणून प्रकरण मिटवण्यात आले. ऑस्ट्रियाचा निर्णय मला आजही योग्य वाटतो, आणि म्हणूनच कॅनडाचा अधिक सलतो.

*

कॅनडाविषयी एक भर घालतो. वेटेलच्या फेरारी संघाने निर्णयाच्या फेरविचारासाठी जे पुरावे सादर केले, त्यांत आपला माजी चालक करुण चंढोक याने दूरचित्रवाणीवर केलेले विश्लेषणही होते; ते त्रयस्थाचे वैयक्तिक मत आहे, असे म्हणून स्टुअर्डांनी ते बाजूला ठेवले.

माझा अनुभव २०२१च्या ब्राझीलचा. मी हॅमिल्टनच्या बाजूचा. चौथ्या वळणावर तो बाहेरून पुढे जात असताना वर्स्टापेनने ब्रेक इतके उशिरा लावले की दोघेही ट्रॅकबाहेर गेले, आणि या प्रकाराची चौकशीसुद्धा झाली नाही. वर्स्टापेनच्या गाडीच्या पुढच्या कॅमेऱ्याचे चित्रण शर्यतीच्या वेळी स्टुअर्डांसमोर नव्हते; ते नंतर हाती आले, हॅमिल्टनच्या मर्सिडीज संघाने फेरविचाराचा अर्ज केला, तरी प्रकरण पुन्हा उघडले नाही. मी त्या रात्री झोपलो नाही. परंतु त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला हॅमिल्टनशी टक्कर होऊन वर्स्टापेन प्रचंड वेगाने भिंतीवर आदळला होता, हॅमिल्टनला दहा सेकंदांची पेनल्टी मिळाली, तरीही तो जिंकला, आणि तेव्हा मला ती शिक्षा पुरेशी वाटली होती. माझ्या भावाला ती थट्टा वाटली. आम्ही एकाच सोफ्यावर बसून एकच चित्रण पाहत होतो.

*

आमच्या पिढीचा घाव जपानच्या सुझुका सर्किटचा. १९८९ मध्ये प्रतिस्पर्धी चालक प्रोस्तशी टक्कर झाल्यावर आयर्टन सेना पहिला येऊनही बाद ठरला आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद प्रोस्तला मिळाले. मोटार क्रीडा महासंघाचा तेव्हाचा अध्यक्ष बालेस्त्र फ्रेंच, प्रोस्तही फ्रेंच. मग संशय येणारच. पुढच्या वर्षी त्याच सर्किटच्या पहिल्या वळणावर सेनाने प्रोस्तला धडक दिली, शिक्षा झाली नाही, आणि मी आनंदाने ओरडलो. ते आपण मुद्दाम केले, हे त्याने १९९१ मध्ये स्वतः सांगितले. त्या ओरडण्याची मला अजून लाज वाटते.

*

अमेरिकेतील ऑस्टिनची २०२४ची शर्यत पाहिल्यापासून मी निकालाआधी स्टुअर्डांचे निर्णयपत्र वाचतो. बाराव्या वळणावर वर्स्टापेन आणि नॉरिस या दोघांच्याही गाड्या ट्रॅकबाहेर गेल्या, पण ट्रॅकबाहेरून ओव्हरटेक केल्याबद्दल पाच सेकंद फक्त नॉरिसला मिळाले, कारण वळणाच्या आतल्या टोकाशी तो पुरेसा पुढे नव्हता. पुढच्याच आठवड्यात मेक्सिकोत वर्स्टापेनला दहा-दहा सेकंदांच्या दोन पेनल्टी लागल्या. आतल्या टोकाशी जो पुढे त्याचे वळण, असा निकष असेल तर ब्रेक उशिरा लावून तिथे आधी पोहोचणे हाच डाव होतो. असे निकष सांगणारी स्टुअर्डांची मार्गदर्शक तत्त्वे २०२५ मध्ये जाहीर झाली, याचे मला मनापासून समाधान आहे. ती वर्षानुवर्षे प्रेक्षकांपासून दूर का ठेवली, हे मात्र कळत नाही.

*

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूने लिहितो. काही वर्षे मी कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतींच्या, स्पर्धांत स्टुअर्ड म्हणून बसलो आहे. तिथे आमच्याकडे टेलिमेट्री, म्हणजे गाडीतून मिळणारी वेग-ब्रेकची नोंद, नसते. ट्रॅकच्या कडेला उभे राहून लक्ष ठेवणाऱ्या मार्शलने पेन्सिलीने लिहिलेला चार ओळींचा कागद आणि हेल्मेट काखेत धरून उभी असलेली, घामाने केस कपाळाला चिकटलेली दोन मुले, एवढाच पुरावा असतो. एका रविवारी सकाळी मी एका मुलाला मागून धडक दिल्याबद्दल पाच सेकंद दिले. दुपारी त्याच वळणावर तशाच धडकेसाठी दुसऱ्याला काहीच दिले नाही. संध्याकाळी पहिल्या मुलाच्या आईने दोन्ही निर्णयांचे कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले आणि शांतपणे विचारले, “साहेब, यातला चुकीचा कोणता?”

मला उत्तर देता आले नाही. दोन्ही मुलांपैकी मी कोणालाच ओळखत नव्हतो, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्नच नव्हता. घरी येऊन कागद पुन्हा वाचले तेव्हा उलगडा झाला: सकाळचा मार्शल वळणाच्या तोंडाशी उभा होता, त्याला धडक दिसली, दुपारचा बाहेर पडण्याच्या बाजूला होता, त्याला फक्त गिरकी घेतलेली गाडी दिसली. दाद मागण्याची मुदत तोवर उलटली होती. तेव्हापासून सुनावणीच्या आधी मी मार्शलला बोलावून तो नेमका कुठे उभा होता हे विचारतो, आणि ते निर्णयाच्या पहिल्या ओळीत लिहितो.